मायचा रुपया अन् धाकट्याची डबी

हैदराबादचा माणूस आमच्या पेडगावच्या घरी आला तेव्हा मी अंगणात बसून चिंचेनं देव घासत होतो. घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. देव म्हणजे देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्यावर मूर्ती उठवतात, तो टाक. आमच्यात खंडोबा आहे, भवानी आहे आणि त्यांच्या शेजारी घरातले गेलेले लोक. माझा आजा आहे, आजी आहे, बाप आहे. मायची जागा तेवढी रिकामी होती. माय मागच्या हिवाळ्यात गेली.

धाकट्या भावानं मोटारसायकल लिंबाखाली लावली. तो परभणीला राहतो. मागून उतरला तो पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खिशात दोन भिंगं.

"अण्णा, हे डबी बघायला आलेत," धाकटा म्हणाला.

"कोणती डबी?"

मला माहीत होतं कोणती. पण माणसानं विचारावं.

"आता कोणती म्हंजे? मायची."

"मायची डबी नव्हती. मायचा रुपया होता. डबी तुझी."

या एका गोष्टीवरून आमची भाषा गेली कित्येक वर्षं अशीच चालत आली आहे. वाचणाऱ्याला कळावं म्हणून थोडं मागचं सांगतो.

आमच्या मायच्या ओटीत तिच्या बापानं लग्नात एक हाली रुपया घातला होता. निजामाच्या काळातला, वर चारमिनार. आमच्याकडं अजूनही म्हाताऱ्या बाया त्याला चारमिनारच म्हणतात. तो तिनं कमरेच्या चंचीत ठेवला, पान-सुपारीसंगं. मी रांगत होतो तेव्हापासून तो तिथं होता. पुढं धाकटा मोठा झाला, मुंबईला गेला, तिथून त्याला मालाच्या जहाजावर स्वयंपाक्याचं काम लागलं. निघताना मायनं चंची सोडली आणि रुपया त्याच्या तळहातावर ठेवला. म्हणाली, "उपाशी राहायची पाळी आली तर मोड."

यानं मोडला नाही. यानं भलतंच केलं. अमेरिकेच्या कुठल्या बंदरावर नाण्यांचा एक दुकानदार होता, त्याच्याकडं दिला. त्यानं तो एका कंपनीकडं पाठवला. ती कंपनी म्हणे नाणं तपासते, त्याला मार्क देते आणि जाड प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करते. डबीत वरच्या अंगाला एक चिठ्ठी, तिच्यावर इंग्रजीत ते मार्क. पुढच्या फेरीला याला ती तयार मिळाली. मी पेडगावच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो, मला कधी कुठल्या इषयात तेवढे मार्क पडले नाहीत. रुपयाला पडले.

गावाकडं आल्यावर त्यानं ती डबी मायच्या हातात दिली. मायनं नखानं उघडून बघितली, उघडंना. दातानं बघितली.

"उघडत न्हाई का रं?"

"न्हाई माय. उघडायचीच न्हाई ती. आता त्याला हवा लागत न्हाई, झीज न्हाई, काय न्हाई."

"मग माझ्या हाताला काय लागायचं?"

तो हसला. मी हसलो नाही. मी तेव्हाच म्हणालो, मायच्या रुपयाला तुरुंगात टाकलंस. मायनं मात्र ती डबी तशीच चंचीत ठेवली, चंची फुगली तरी. लक्ष्मीपूजनाला ती काढायची, पाटावर ठेवायची, वरून दूध घालायची, हळद-कुंकू लावायची, प्लास्टिकलाच. मी दरवर्षी म्हणायचो, "माय, फोडून देतो." ती म्हणायची, "राहू दे. पोरगं बोलंल."

तर ती डबी बघायला हा माणूस आला होता.

मी बायकोला डबी आणायला सांगितली. त्यानं ती हातरुमालावर घेतली, बोटं न लावता. एक भिंग डोळ्याला लावलं, काढलं, दुसरं लावलं. रुपयाकडं बघतच नव्हता. कडा बघत होता, कोपरे बघत होता, चिठ्ठी बघत होता.

"सिक्का मामूली है बाबा," तो म्हणाला. "ऐसे मेरे पास थैली भरके पड़े हैं. मैं डिब्बी के वास्ते आया."

"डबीसाठी?"

त्याला मराठी मोडकी-तोडकी येत होती. त्यानं नीट सांगितलं. ही त्या कंपनीची अगदी सुरुवातीची डबी. पुढं त्यांनी साचा बदलला, चिठ्ठीचा रंग बदलला. ज्यांच्याकडं अशा जुन्या डब्या होत्या त्यांनी जास्ती मार्कांच्या आशेनं त्या फोडल्या आणि नाणी पुन्हा नव्या डबीत घालून घेतली. त्यामुळं जुन्या डब्या उरल्याच थोड्या. आता नाणी जमवणाऱ्यांमधले काही लोक फक्त डब्या जमवतात. आत नाणं कुठलंही असू द्या, डबी जुनी पाहिजे, फुटलेली नको. त्यासाठी नाण्याच्या कितीतरी पट जास्ती देतात.

मी लय हसलो. मी म्हणालो, "म्हंजे ज्वारी सोडून पोत्याला गिऱ्हाईक आलं म्हणायचं."

धाकटा हसला नाही. त्याचं तोंड बघितलं आणि माझं हसू राहून गेलं. इतक्या वर्षांत मी त्याला एवढं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. बाजेवर बसला होता, पण सभेत बसल्यासारखा.

"अण्णा, तू त्याला तुरुंग म्हणायलास आजवर. आता ऐक. ह्यांच्याकडं काचेचं कपाट हाय. त्यात ठेवणारेत. खाली पाटीवर लिहिणारेत, ही कुणी आणली, कुठून आणली. माझं नाव. जहाजाचं नाव."

"अन् मायचा टाक?"

तो बाजेची दोरी चाचपायला लागला.

इथं आमच्या घरचा रिवाज सांगावा लागतो. गेलेल्या माणसाचा टाक बाजारच्या चांदीचा करत नाहीत. ज्या चांदीला त्या माणसाचा हात लागला, त्याच चांदीचा करतात. मायची सरी होती, वाळे होते, ते तिनं जिवंतपणीच नातींना वाटून टाकले. राहिला एवढा रुपया. दुसरं असं, की चांदी सोनाराच्या मुशीत टाकायच्या आधी सगळ्या लेकांनी तिला हात लावायचा. एकानं जरी लावला नाही तर तो टाक देव्हाऱ्यात बसवत नाहीत. माझ्या चुलत आजीचा बसला नाही. तिच्या एका लेकाचं बांधावरून बिनसलं होतं, तो सोनाराकडं गेलाच नाही. टाक झाला, पण देव्हाऱ्यात बसला नाही, तो ज्वारीच्या कणगीत ठेवला. लेकरं होतो तेव्हा आम्ही तो धान्यात हात घालून चाचपायचो. देवही नाही आणि दागिनाही नाही, असा काहीतरी पत्रा. मायला मी कणगीत ठेवणार नव्हतो. आणि मी आता सत्तरी ओलांडलेला माणूस, पुढच्या घटाचा मला भरवसा नाही.

"टाकाला चांदी मी देतो," धाकटा म्हणाला. "चांगली, शंभर नंबरी. दोन टाक होतील एवढी."

"तुझ्या चांदीला मायचा हात लागला का?"

"आता कुठं ते बघत बसायलेत लोक?"

"मी बघतो."

बायको चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "दोघं म्हातारे झालात अन् मायचा पदर धरून वढायलात. ती असती तर दोघांच्या पाठीत घातलं असतं."

हैदराबादवाला या सगळ्यातून डबीच बघत होता. एकाएकी म्हणाला, "ये पीला क्या है?"

डबीची वरची-खालची पाखं जिथं जुळतात, त्या सांध्यात पिवळी रेघ गेली होती.

"हळद हाय," बायको म्हणाली. "सासूबाई पूजेला लावायच्या."

"हल्दी? इसको?" त्यानं कपाळावर हात मारला. मग त्यानं पिशवीतून एक बाटली आणि कापसाची काडी काढली. म्हणाला, हलक्या हातानं निघंल, निघाली तर डबीची किंमत राहील. काडी बुडवली आणि सांध्याला लावणार, तेवढ्यात मी डबी त्याच्या हातातून ओढून घेतली.

"मायच्या हातची हळद हाय ती. तिला कुणी हात लावायचा न्हाई."

मला वाटलं, आता धाकटा गप्प बसेल. तो गप्प बसला नाही. हळू आवाजात बोलला, आणि तेच मला जास्ती लागलं.

"बघ अण्णा. तूच म्हणालास. मायच्या हातची हळद डबीवर हाय. माय रोज चाचपायची ती डबी. तीस-बत्तीस वर्सं तिचा हात कशाला लागला? डबीला. रुपयाला कुठं लागला? तुझा रिवाज धरला तर देव्हाऱ्यात डबीच बसवावी लागंल."

हिशोब त्याचा बरोबर होता. आजही आहे. पण तेवढ्यानं मी माघार घेणारा माणूस नाही.

"परवा सकाळी सराफ्यात ये," मी म्हणालो. "मी रुपया मुशीत टाकणार. हात लावायचा तर लाव, न्हाईतर तिच्या टाकासाठी कणगी बघून ठेव."

त्यानं गाडीला लाथ मारली. हैदराबादवाला मागं बसता बसता मला म्हणाला, "सोचो बाबा, ये फिर नहीं मिलती." तो परभणीत लॉजवर थांबला होता. मधल्या दिवशी त्याचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी बायकोला सांगितलं, मी रानात गेलोय म्हण. दोन्ही वेळा मी तिच्या शेजारी बसलेलो होतो.

धाकट्याचा फोन आला नाही.

त्या सकाळी मी डबी रुमालात बांधून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि परभणीची गाडी धरली. ताडकळसच्या बाजाराला निघालेल्या बाया होत्या, लय गर्दी. प्रत्येक धक्क्याला मी छातीवर हात ठेवायचो. शेजारच्यानं विचारलं, "मामा, छातीत दुखायलंय का?" मी म्हणालो, "हो."

आमचा सोनार जुना. माझ्या बापाचा टाक त्याच्या बापानं केलेला. त्यानं शेगडी फुलवून ठेवली होती, मूस तापत घातली होती, टाकणखाराची पुडी शेजारी. बाईचा ठसाही काढून ठेवला होता.

"लेक किती?" त्यानं विचारलं. त्याला माहीत आहे, पण विचारायचा नेम आहे.

"दोन."

"दुसरा?"

"यील."

सोनारानं फुंकणी खाली ठेवली. गिऱ्हाइकं येत होती, पैंजणाचे घुंगरू बसवून घेत होती, जात होती. प्रत्येक येणाऱ्या सावलीला मी वर बघायचो. नंतर बघायचं सोडलं, कारण सोनार माझ्याकडं बघायला लागला होता.

"मामा, निखारा पडायलाय. पुन्हा कधी येता?"

"यील म्हणालो ना."

आला. पण एकटा नाही, हैदराबादवाला संगं. आणि आला तो दुकानाच्या पायरीवरच थांबला. चप्पल काढली नाही. टाकाच्या चांदीला हात लावायचा तर चप्पल काढावी लागते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा राहिला.

हैदराबादवाल्यानं शेवटचा आकडा सांगितला. सोनाराची भुवई वर गेली. तेवढ्या पैशात टाकाच्या जागी समई-पाटासहित चांदीचा देव्हाराच आला असता. मी नको म्हणालो. त्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकटा माझ्याकडं बघत होता.

"मी अडवत न्हाई तुला," धाकटा म्हणाला. "थोरला तू. फोड. पण माझा हात लागणार न्हाई."

"नको लावूस."

मी डबी सोनारापुढं सरकवली. त्यानं ती परत माझ्याकडं सरकवली. "फोडायची तुमी फोडा मामा. भावाभावातल्या वस्तूला मी हत्यार लावत न्हाई." आणि पक्कड दिली.

पक्कड मी आयुष्यभर धरलेली आहे. इंजिनं उघडली, पंप उघडले. डबी मांडीवर धरली, मधोमध पक्कड लावली आणि दाबली. सटकली. पुन्हा लावली. प्लास्टिक पांढरं पडलं, पण फुटलं नाही. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा कट्ट करून एक चीर गेली, आडवी, रुपयाच्या रोखानं. हैदराबादवाल्यानं तोंड फिरवलं. त्याच्यासाठी खेळ तिथंच संपला होता. चीर गेली की डबीला किंमत नाही.

मी पक्कड चिरेच्या तोंडाशी आणली.

"अण्णा, थांब!" धाकटा पायरीवरून ओरडला. "असं न्हाई. चारमिनार चेपायलास तू."

"चेपू दे. वितळायचाच हाय."

"वितळंल तवा वितळंल! मुशीत जाईस्तोवर तरी धड असू दे की."

"मग काय फुंकर मारून उघडू?"

"कोपऱ्यावर लाव. कोपऱ्यावर! तो दुकानदार फोडायचा ते मी बघितलंय. अरे, कोपरा म्हंजे तो न्हाई..."

मी दुसऱ्या कोपऱ्याला लावली. पक्कड पुन्हा सटकली आणि माझ्या अंगठ्याला लागली. मी शिवी दिली. तेवढ्यात तो वर चढला. चप्पल कधी काढली ते मी बघितलं नाही, पण पायात नव्हती. त्यानं पक्कड आणि डबी दोन्ही माझ्या हातातून हिसकून घेतल्या, डबी उभी धरली, खालचा कोपरा पकडीत घेतला आणि नुसतं पिळलं. सांधा उकलला. वरचं पाख निघालं. रुपया घरंगळत त्याच्या तळहातावर पडला.

धाकट्यानं अंगठ्यानं रुपया उलटा केला, सुलटा केला. तसाच काळपट पांढरा होता, चारमिनारची एक कड घासलेली. त्यानं मूठ मिटली. उघडली.

"गार हाय," तो म्हणाला. "मायनं दिला तवा कोमट होता. कमरेचा."

सोनार म्हणाला, "लागला हात."

धाकट्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला तेव्हा कळलं.

"फसवलंस मला," तो म्हणाला. "मुद्दाम आडवीतिडवी लावत होतास. मी चढून यावं म्हणून."

माझी बोटं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत, हे त्याला, सोनाराला आणि त्या हैदराबादवाल्याला सांगण्यापेक्षा मी फसवलं असं त्याला वाटलेलं बरं.

मी माझा हात त्याच्या हाताखाली धरला, त्यानं रुपया त्यात सोडला. माझ्याही हातात तो तेव्हा पहिल्यांदाच आला. माय कुणाला हात लावू द्यायची नाही. मी तो मुशीत टाकला. सोनारानं फुंकणी उचलली. चारमिनार आधी कडांनी गेला, मग मधून, आणि मग नुसता एक थरथरता गोळा राहिला. सोनार म्हणाला, "हालीत खोट असती, पत्रा जरा कडक यील." आम्ही दोघांनी मान हलवली.

हैदराबादवाल्यानं भिंगं खिशात घातली. मला वाटलं, चिडेल. चिडला नाही. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अब पाटी पे क्या लिखूँ, साब?" आणि स्टेशनच्या बाजूला निघून गेला. धाकटा बराच वेळ त्या बाजूला बघत होता. मग त्यानं डबीची दोन्ही पाखं आणि आतली चिठ्ठी वेचली, फूल वेचावं तशी, आणि वरच्या खिशात घातली. माझ्याकडं न बघता गाडीवर बसून गेला. जहाजावरच्या इतक्या वर्षांतलं त्याच्याजवळ दाखवायला एवढंच होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं फोडलं होतं. मला ते कळत नाही असं नाही. पण मी त्याच्यामागं गेलो नाही.

घट बसायच्या दिवशी तो येईल की नाही, हे मी बायकोला विचारलं नाही आणि तिनं मला सांगितलं नाही. स्वयंपाक मात्र तिनं जास्तीचा टाकला होता. तो आला. ओसरीवर बसला. माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी मायचा टाक बापाच्या टाकाशेजारी बसवला, तेव्हा तो मागं येऊन उभा राहिला आणि वाकून बघत राहिला.

"वहिनी," तो बायकोला म्हणाला, "त्यांना सांगा, नाक मायचं न्हाई."

मी देव्हाऱ्यापाशीच होतो, त्याच्यापासून दोन हातांवर.

"त्याला सांग," मी म्हणालो, "सोनाराकडं सगळ्या बायांचा ठसा एकच असतो."

"वहिनी, त्यांना सांगा, मायचं नाक बसकं होतं. सोनाराला सांगायला पायजे होतं."

"त्याला सांग, संगं होता तवा त्याचं तोंड कुठं गेलं होतं."

"मी काय टपाल हाय का?" बायको म्हणाली. "पानं वाढलीत. दोघं बसा, न्हाईतर दोघं उपाशी राहा."

तो बसला. मी बसलो. पंक्तीत त्याच्या आणि माझ्या मध्ये एक पाट रिकामा सोडला होता, कुणी सोडला माहीत नाही. भाजीत मीठ कमी होतं. त्यानं मिठाची वाटी माझ्याकडं सरकवली, आणि मला काय सांगायचं ते वहिनीला सांगितलं.